तीन नंबरचा सिलेंडर

इंजिन खाली उतरून फळीवर टेकतं न टेकतं तोच विठ्ठलरावांनी विचारलं, "निघाली का रेती?" शहादेवनं अजून एक नटही सैल केलेला नव्हता.

ज्या माणसानं बेचाळीस वर्षं मनात रेती जपली, त्याला ती एकदा डोळ्यांनी बघायची घाई असणारच, हे शहादेवला कळत होतं. तरी त्याला राग आला. ती रेती त्याच्या बापाच्या नावावर होती. त्यानं पाना पुसला आणि अजून चार दिवस लागतील, एवढंच सांगितलं. चुलतभावाच्या अंगणात पाऊल ठेवायची ही त्याची बेचाळीस वर्षांतली पहिलीच खेप. पहिल्याच दिवशी तोंडातोंडी करायची नाही, असा कानाला खडा लावून तो आला होता.

गाडी विठ्ठलरावांच्या कैलासवासी वडिलांची, आप्पांची. जर्मन बनावटीची, कासवाच्या पाठीसारखी, हैदराबादच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. तिचं इंजिन मागं आणि सामान ठेवायची जागा पुढं, म्हणून हिवरवाडीची माणसं तिला आधी फार हसली. बहात्तरच्या दुष्काळानं हे हसू बंद केलं. त्या साली एस.टी.चे ड्रायव्हर रेडिएटरसाठी बादलीभर पाणी मागत गावोगाव हिंडायचे आणि बाया त्यांना दारातून हुसकून लावायच्या. आप्पांच्या गाडीला पाणी लागतच नव्हतं. तिचं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं. पाणी न मागणारा पाहुणा कोणाला नको असतो? या गाडीतून आप्पा गोदाकाठची तीस गावं फिरले, शेतकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले आणि उपसा सिंचनाची सहकारी सोसायटी उभी केली.

चौऱ्याहत्तर साली तलवाड्याला सभा होती. अध्यक्ष कोण आणि पाइपलाइन कोणत्या अंगानं न्यायची, हे तिथं ठरणार होतं. निघालेली गाडी तलवाड्याच्या अलीकडं ओढ्याच्या चढावर बंद पडली, ती कायमची. आप्पा चालत पोचले तोवर हात वर करून झाले होते. पाइपलाइन बोरवाडीकडं वळली आणि हिवरवाडी कोरडीच राहिली. बीडहून आलेल्या मिस्त्रीनं इंजिनातलं तेल काढलं, बोटांत चोळलं, खरखर लागली म्हणून "रेती हाय" असं म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला. त्या गाडीचं तेल रोज सकाळी बघायचे ते आप्पांचे धाकटे भाऊ रामहरी. रामहरींची सासुरवाडी बोरवाडी. बायको तेव्हा बाळंतपणाला तिथंच गेलेली. आता आणखी पुरावा कोणाला पाहिजे होता? महिन्याच्या आत रामहरी आपलं बिऱ्हाड घेऊन तलवाड्याला गेले. "मी न्हाई केलं," एवढं एकदाच म्हणाले आणि नंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा शहादेव बैलगाडीत भांड्यांच्या मध्ये बसला होता.

सोसायटीही पुढं आजारी पडली. पंप गंजले, पाइप कोणाकोणाच्या गोठ्यांचे खांब झाले. यंदा पुन्हा टँकरचे दिवस आले तेव्हा हिवरवाडी आणि बोरवाडी, दोन्हीकडच्या गावांतल्या नव्या पोरांनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं आणि रविवारी तलवाड्याला सभा ठेवली. विठ्ठलरावांनी जाहीर केलं की आपण आप्पांच्याच गाडीतून जाणार, अर्धा राहिलेला रस्ता पुरा करणार. त्यांनी बोलून टाकलं खरं, पण गेवराईपासून बीडपर्यंत एकही गॅरेजवाला त्या गाडीला हात लावेना. तेव्हा त्यांची बायको छबुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, वाऱ्यावरची पंपाची इंजिनं तीस वर्षं उघडतोय असा एक माणूस आपल्याच रक्ताचा आहे, तो गेवराईत बसतो, आणि तुम्ही साऱ्या जिल्ह्याला विचारत फिरताय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी फोन केला.

शहादेव आला. इंजिनाच्या ओढीनं आला असं तो स्वतःला सांगत होता. बापाला मात्र त्यानं पालीला एका विहिरीवरचं इंजिन खोलायला जातो, असं सांगितलं होतं.

अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली त्यानं काम मांडलं. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाकडून नवे पिस्टन आणि सिलेंडर आधीच मागवून ठेवले होते. प्रत्येक भाग तो रॉकेलमध्ये धुऊन पोत्यावर मांडायचा. हात धुवायला पाणी मागायची सोय नव्हती. टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणून तो लाकडाच्या भुशानं हात घासायचा आणि छबुबाई जेवणापुरतं अर्धा तांब्या पाणी हातावर घालायची. रोज दुपारी आप्पांच्या पत्नी वत्सलाबाई काठी टेकत शेडमध्ये येऊन बाजेवर बसायच्या. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांना अंधुक दिसायचं. पोत्यावरचा एकेक भाग हातात घेऊन त्या चाचपायच्या आणि हे कशाचं, ते कशाचं, असं विचारायच्या. शहादेव त्यांना मोठी आई म्हणायचा. त्याच्या लग्नाला हिवरवाडीतून कोणीच आलं नव्हतं. एकट्या त्या आल्या होत्या, आप्पांना न विचारता, एस.टी.नं. मांडवाच्या शेवटच्या रांगेत उभं राहून त्यांनी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता परत गेल्या. ते शहादेव कधीही विसरणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी इंजिनाचे दोन अर्धे वेगळे झाले. शहादेवनं क्रँकचा मधला दांडा उचलून उजेडाला धरला, बेअरिंगवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. सगळं साफ होतं. तेलात रेती असती तर ती काय एकाच घरी मुक्कामाला राहते? तेलाबरोबर ती सगळीकडं फिरली असती, बेअरिंगं खाल्ली असती, चारही सिलेंडर ओरबाडले असते. इथं तीन सिलेंडरांना ओरखडा नव्हता. एकटा तीन नंबरचा जळाला होता. त्यातला पिस्टन वितळून चिकटला होता. मिस्त्रीच्या बोटांना लागलेली खरखर पिस्टनच्या धातूची होती.

त्यानं विठ्ठलरावांना बोलावून हे सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"मग एकटा तोच कावून जळंल बे?"

"त्याला वारा मिळाला न्हाई, दादा. कावून मिळाला न्हाई ते अजून सापडायचंय."

"म्हंजे तुला बी म्हाईत न्हाई." विठ्ठलराव उठले. "तू गुणी कारागीर हायस, शहादेव. पण तू तुझ्या बापाचाच ल्योक. तुला रेती दिसणारच न्हाई."

शहादेवनं पाना खाली ठेवला. सामान आवरून निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. दारात उभ्या असलेल्या छबुबाईनं ते ओळखलं. त्या संध्याकाळी विठ्ठलरावांच्या ताटात भाकरी होती आणि कालवण नव्हतं. शहादेव राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं पंख्याचं पत्र्याचं आवरण हातात घेतलं. पट्ट्यानं फिरणारा पंखा या पत्र्यातून वारा खाली ढकलतो आणि तो वारा सिलेंडरच्या अंगावरच्या पाकळ्यांतून जातो. आवरणाच्या आत, तीन नंबरच्या बाजूला, काळा बोळा अडकला होता. उंदराचं घरटं असेल म्हणून त्यानं तो काडीनं ओढून काढला. कापड निघालं. करपलेलं, फाटलेलं, पण घडीच्या आत अजून हिरवं, आणि काठाला जरीची तार. झटकलं तसे पोत्यावर काळे पडलेले गव्हाचे दाणे सांडले. एक हळकुंडही निघालं.

शहादेव तसाच खाली बसला. खण, गहू, हळकुंड. ही ओटी होती. कोणीतरी या गाडीची ओटी भरली होती, आणि त्या वेळी घरात मोठ्या आईशिवाय दुसरी बाई नव्हतीच.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, उभं राहून ओरडावं इतका आनंद झाला. बापाची अब्रू त्याच्या तळहातावर होती. आता विठ्ठलदादांच्या तोंडावर हा खण फेकायचा. तेवढ्यात काठीचा आवाज आला आणि मोठी आई रोजच्यापेक्षा लवकर शेडमध्ये शिरली. शहादेवनं खण मुठीत घेऊन सदऱ्याच्या खिशात कोंबला. ही बाई मांडवात शेवटच्या रांगेत उभी होती. तिला या वयात कसं सांगायचं, की हिवरवाडीचं पाणी तुमच्या हातानं गेलं?

वत्सलाबाई बाजेवर टेकल्या. हाताला येईल ते चाचपत त्या बोलू लागल्या. आज त्यांना गाडीचे जुने दिवस आठवत होते.

"तुला सांगते, कुनाला बोलू नको. आप्पांना असलं चालत न्हवतं, द्येवधर्म म्हनलं की त्यांचं डोस्कं फिरायचं. पन त्या दिशी तलवाड्याला निघायच्या आधी, पहाटं, मी हिची वटी भरलती. दोन वर्सं राबली बिचारी, घोटभर पानी मागितलं न्हाई. अशा लेकीला काय मोकळ्या वटीनं धाडायचं?"

"कुठं भरली वटी?" शहादेवनं विचारलं.

"मागं. जिचं पोट मागं, तिची वटी मागंच भरायची न्हवं? झाकन उघडून पंख्यापाशी ठिवली. सांजच्याला बैल जुंपून गाडी वढून आनली, तवा बघितलं तर खन न्हवता. म्हनलं, लेकीनं वटी घेतली. पुढं काय बी झालं आसंल, तिनं माझी वटी घेतली." बोलता बोलता त्या थांबल्या. "तू गप कावून बसलास? पोटात सापडलं का रं काही?"

"न्हाई, मोठी आई."

"लहानपनी खोटं बोलताना तू कान धरायचास. आता बी धरलायस."

शहादेवचा हात खरंच कानावर होता. तो त्यानं खाली घेतला आणि खण काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. वत्सलाबाईंनी तो नाकाला लावला, जरीच्या तारेवरून अंगठा फिरवला, गव्हाचा एक दाणा बोटांत धरला. मग त्यांनी विचारलं, यानंच का? शहादेवनं वाऱ्याचं सांगितलं, पंख्यानं कापड ओढून घेतल्याचं सांगितलं. जमेल तितकं मऊ करून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ खणाची घडी घालत राहिल्या, पण जळक्या कापडाची घडी बसेना.

"इठ्ठलला बोलाव," त्या म्हणाल्या.

पुढचा तासभर त्या शेडमध्ये जे झालं त्यानं घराच्या दोन्ही बाजू उलटसुलट झाल्या. काल रेतीसाठी भांडणारे विठ्ठलराव आज तिचं नावही काढेनात. आईनं सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी शेडबाहेर कोणी ऐकत तर नाही ना, ते पाहिलं. मग ते म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, आता हे घरातच राहू द्यावं. रविवारी दोन्हीकडची माणसं जमणार, त्यांच्या पुढं आप्पांच्या घरचं हसं व्हायला नको. काकांकडं आपण नंतर कधीतरी जाऊन येऊ, गुपचूप माफी मागू. त्यांची माया खोटी नव्हती. आईचं म्हातारपण त्यांना सांभाळायचं होतं. शहादेवलाही क्षणभर ते पटलं. काल ज्याच्याशी भांडलो, आज त्याच्याच बाजूला आपण उभे आहोत, हे लक्षात येऊन त्याची त्यालाच गंमत वाटली.

दोघांना खोडून काढलं ते छबुबाईनं. नाव घालवताना अख्ख्या गावासमोर घालवलं, मग परत देताना गुपचूप कशाला, एवढंच ती म्हणाली. सासू-सुनेचं तीस वर्षांत मिठावरूनसुद्धा एकमत झालं नव्हतं. आज वत्सलाबाईंनी हात लांब करून सुनेचं मनगट धरलं.

"बेचाळीस वर्सं त्यानं सोसलं. मला एक दीस सोसवनार न्हाई व्हय? गाडी आधी रामहरीच्या दाराम्होरं उभी ऱ्हाईल, मंग सभंला जाईल. आन् मी गाडीत आसंन. न्हाई तर मीच हिच्या चाकाम्होरं बसते."

संध्याकाळी विठ्ठलराव बाह्या सारून शेडमध्ये आले आणि कोणतं काम करू, असं त्यांनी विचारलं. शहादेवनं त्यांना वाल्व घासायला बसवलं. सोसायट्यांच्या सभा गाजवलेला तो माणूस दोन दिवस खाली मान घालून, लेप लावून, वाल्व गोल गोल फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मान वर न करता, ते म्हणाले, "त्या चढावर मी गाडीतच व्हतो. आप्पा म्हनले, हे रामहरीचं काम. मी व्हय म्हनलो. वीस वर्सांचा व्हतो मी, बिनपुराव्याचं बोलू न्हाई एवढं मला कळत व्हतं." शहादेवनं पुसून ठेवलेला पुढचा वाल्व त्यांच्या हातात दिला.

शनिवारी दुपारी इंजिन परत जागेवर चढलं. पहिल्या फेऱ्याला खोकलं, दुसऱ्याला निळा धूर सोडला आणि तिसऱ्याला धरलं. तो खडखडाट ऐकून पलीकडच्या गल्लीतले म्हातारे काठ्या टेकत बाहेर आले. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. शहादेव अर्धा तास मागं उकिडवा बसून राहिला, तीन नंबरच्या बाजूला तळहात धरून. पत्र्याखालून गरम वारा येत होता, सरळ, न अडता. तो वारा हाताला लागत असताना त्याला बापाची आठवण झाली आणि डोळे भरून आले. डोळ्यांत धूर गेला, असं म्हणत त्यानं ते पुसले.

रविवारी सकाळी गाडी निघाली. चालवायला शहादेव, शेजारी वत्सलाबाई, मागं विठ्ठलराव आणि छबुबाई. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं भाजून काढल्यासारखी होती. ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. तो चढ आला. शहादेवनं गिअर खाली घेतला. इंजिन जरा गुरगुरलं आणि चढ मागं पडला. विठ्ठलराव काचेतून वळून त्या जागेकडं बघत राहिले.

तलवाड्याला रामहरींचं घर वेशीजवळ. आवाज ऐकून ते आधीच ओट्यावर येऊन उभे होते. ऐंशी वर्षांचा किडकिडीत माणूस, धोतर, कपाळावर आडवा हात. पोरगा पालीचं इंजिन म्हणत होता ते कोणतं, हे त्यांना आता कळलं. विठ्ठलरावांनी उतरून पायांवर डोकं ठेवलं. रामहरींनी त्यांना उठवलं, पण त्यांचे डोळे गाडीवर होते. शेजारपाजारची माणसं गोळा झाली. वत्सलाबाई शहादेवच्या खांद्याला धरून उतरल्या, दिराच्या पुढं जाऊन त्यांनी सगळ्यांच्या देखत पदराखालून खण काढला आणि समोर धरला.

"भावजी, रेती न्हवती. ही माझी वटी व्हती. तीन नंबरच्या तोंडात बसलती. माझ्या हातनं झालं आन् तुमच्या माथी बसलं."

रामहरींनी खण हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"हिरवा व्हता," ते म्हणाले. "मला म्हाईत हाय, वैनी. त्या दिशी तेल बघाया झाकन उघडलं, तवा दिसला व्हता."

शहादेवला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"बाईमानसानं भरलेली वटी. ती उचलून भायेर कशी टाकावी? हात धजला न्हाई माझा. झाकन लावलं आन् आलो. गाडी बंद पडली आसं ऐकलं तवाच मी वळखलं." रामहरी सावकाश बोलत होते, वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं. "बोललो आसतो तर आप्पानी तुम्हाला घरात ठिवलं नसतं. त्यांचा राग तुम्हाला ठावं हाय. आन् मी तर बघून बी गप बसलतो. म्हंजे थोडी रेती मी बी टाकलीच की."

वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला. जळक्या खणावरही न आलेलं रडू आता आलं, आणि त्यांनी ते अडवलं नाही. शहादेव बापाकडं बघत राहिला. आपण तो खण अर्धा तास खिशात ठेवू शकलो नव्हतो. या माणसानं तो बेचाळीस वर्षं ठेवला होता.

मारुतीच्या पारावरून लाउडस्पीकर ऐकू येऊ लागला. सभेची वेळ झाली होती. विठ्ठलरावांनी पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, काका, तुम्ही पुढं बसा. रामहरी ओट्यावरून उतरले, पण दाराकडं न जाता गाडीच्या मागं गेले. झाकण उघडलं, तेलाची पट्टी ओढून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत घातली, परत काढली आणि उन्हात धरून नीट पाहिली. मग वाकून पंख्याच्या मागंपुढं, पत्र्याच्या सांदीत, सगळीकडं हात फिरवला.

"आज भरली न्हाई जनू वटी?"

"भरली की," वत्सलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पन आवंदा पुढं भरली."

छबुबाईनं पुढचं झाकण उचललं. सामान ठेवायच्या रिकाम्या जागेत नवा हिरवा खण होता, त्यावर गहू, हळकुंड आणि नारळ. रामहरींनी ते पाहिलं, मान हलवली आणि दोन्ही झाकणं आपल्या हातानं लावली. मग ते शहादेवच्या शेजारी येऊन बसले. मागं तिघं दाटीवाटीनं बसले होते.

"तेल ठीक हाय," ते म्हणाले. "चल."